पहिला पेला

घोट घशाखाली उतरला आणि मगच बाईंच्या लक्षात आलं, की आपल्या हातात बाटली आहे. सीलबंद पाण्याची, मीटिंगच्या लांबलचक टेबलावर प्रत्येकाच्या पुढ्यात एकेक मांडून ठेवतात तसली. तिचं सील त्यांनी स्वतःच्या हाताने तोडलं होतं, झाकण काढून नीट बाजूला उपडं ठेवलं होतं, आणि अर्धीअधिक बाटली संपवलीही होती. हे सगळं कधी केलं ते काही केल्या आठवेना. त्यांनी हळूच आजूबाजूला पाहिलं. हिशेबनीस समोरच्या कागदाच्या कोपऱ्यात फुलं काढत होते, पंपांचे इंजिनियर टेबलाखाली मोबाईल धरून स्वतःशीच हसत होते, आणि नवे साहेब पडद्यावर सगळ्यांना दिसत असलेला मजकूर सगळ्यांना वाचून दाखवत होते. बाईंकडे कुणाचंच लक्ष नव्हतं. असायचं कारणही नव्हतं, पाणी तर सगळेच पीत होते. पण बाई शहराच्या पाणीपुरवठ्याच्या मुख्य केमिस्ट. आख्ख्या नोकरीत त्यांनी असल्या बाटलीला बोट लावलं नव्हतं. लग्नकार्यात कुणी हातात बाटली कोंबली तर त्या सरळ स्वयंपाकघरात जाऊन नळ शोधायच्या, आणि या हट्टापायी त्यांची सगळ्या ऑफिसात मनसोक्त टिंगल व्हायची. त्याच बाई आज कुणी न सांगता बाटली पिऊन बसल्या होत्या, आणि तेही नेमका तो विषय निघायच्या तोंडावर.

तो विषय म्हणजे पहिला पेला. टेकडीवर शुद्धीकरण केंद्र, केंद्रात प्रयोगशाळा, आणि प्रयोगशाळेच्या भिंतीला एक पितळी नळ. वाळूच्या गाळण्यांतून गाळून, औषध घालून तयार झालेलं पाणी ज्या टाकीत साठतं तिथून तो थेट आलेला. रोज सकाळी तपासण्या झाल्या, की पाळीवर जो असेल त्याने त्या नळाचं पेलाभर पाणी उभ्याने प्यायचं, आणि मगच व्हॉल्व्हच्या खोलीत फोन करून सांगायचं, ‘सोडा.’ त्यानंतर शहराला पाणी जायचं. हा नियम कुठे लिहिलेला नव्हता. थोरल्या सरांनी तो घातला, त्यांच्यानंतर बाईंनी तो चालवला, आणि बाकीच्यांनी बाईंच्या धाकाने म्हणा, लाजेकाजेस्तव म्हणा, कसाबसा पाळला. नव्या साहेबांना तो बंद करायचा होता. माणूस वाईट नव्हता हो. गोड बोलणारा, बायकांसाठी दार धरून उभा राहणारा. “आता आपल्याकडे यंत्रं आलीत,” ते म्हणत होते, “मिनिटामिनिटाला आकडे मिळतात. आणि प्रयोगशाळेत खाणंपिणं जगात कुठेच चालत नाही. उद्या कुणाला साधी उलटी झाली तर पेपरवाले काय लिहितील? की हे लोक पाणी तोंडाने तपासतात! हसं होईल आपलं.” टेबलाभोवती दोघंतिघं लगेच हसलेसुद्धा. मग साहेब बाईंकडे वळले. “मॅडम, तुम्ही यावर बोलणार होतात ना?”

बोलणार होत्याच. आठवडाभर वाक्यं जुळवली होती. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून ती पुटपुटताना शेजारच्या माणसाने जरा सरकून बसून घेतलं होतं. लिफ्ट बंद, जिने चढून आल्यामुळे छाती धडधडत होती, आणि त्याहून जास्त धडधडत होती ती बोलायच्या भीतीने. घशाला कोरड पडली होती, म्हणूनच हात पुढे गेला असणार. पहिलंच वाक्य असं होतं, ‘साहेब, जे पाणी आपण लोकांना पाजतो ते आधी आपण पितो, एवढंच आहे हे.’ साधं, सरळ वाक्य. बाईंनी तोंड उघडलं, आणि हातातली बाटली टेबलावर ठेवावी म्हणून पाहिलं, तर तिच्यात तळाशी थोडं पाणी हिंदकळत होतं. ते वाक्य त्या बाटलीसमोर उच्चारायचं कसं? “नाही,” त्या म्हणाल्या, “तसं काही नाही.” साहेबांनी भुवया उंचावल्या. एवढ्या सहज सुटका होईल असं त्यांनाही वाटलं नसावं. “मग मान्य धरू?” “धरा,” बाई म्हणाल्या. इतक्या वर्षांची गोष्ट, चहा येण्याआधी संपली.

बाहेर पडताना त्यांनी बाटली पर्समध्ये घातली. का घातली कोण जाणे. तिथेच सोडली असती तर शिपायाने इतर बाटल्यांबरोबर उचलून फेकली असती, कुणाला पत्ता लागला नसता. पण उरलेलं पाणी टेबलावर टाकून जायचं धाडस झालं नाही. चोरी पकडली जाऊ नये म्हणून चोराने ऐवज जवळ बाळगावा तसला हा प्रकार. रस्त्यावर दुपार कलली होती. फुटपाथवर दुकानांनी मांडलेल्या खुर्च्यांत माणसं बसली होती, आणि बघावं तिथे बाटल्या. टेबलांवर, बाबागाड्यांच्या जाळीत, बसच्या रांगेत उभ्या मुलांच्या दप्तरांना अडकवलेल्या. यातली किती विकतची आणि किती घरून नळावर भरून आणलेली, असा हिशेब करायची बाईंना जुनी खोड होती, आणि झाकणावरून त्यांना ते साधारण ओळखताही यायचं. आज त्यांनी मान खाली घालून रस्ता काढला. सगळ्यांत बोचत होतं ते वेगळंच. ते पाणी चांगलं लागलं होतं. गार होतं, कसलाही वास नाही, औषधाची चव नाही, जिभेवरून नुसतं घसरलं होतं. घशाला आराम पडला होता, आणि घशाने बाईंना विचारलंसुद्धा नव्हतं.

थोरल्या सरांनी पहिल्या दिवशी काय विचारलं होतं? विचारलं काहीच नव्हतं. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली, पहिल्या नोकरीची नवी चप्पल चावत असलेली मुलगी दारात उभी, आणि सर खिडकीशी पाण्याची नळी उजेडात धरून डोळे बारीक करून बघताहेत. नळीत तपासणीच्या रसायनाचे थेंब पडले की पाण्याला पिवळसर छटा यायची, आणि ती किती पिवळी यावरून पाण्यात औषध किती ते कळायचं. “ये,” ते तिच्याकडे न बघताच म्हणाले, “हा रंग तुला कुठला वाटतो?” तिने पुस्तकातलं उत्तर दिलं. सर म्हणाले, “बरोबर. मला मात्र आमच्या घरच्या जुन्या पडद्याचा वाटतो.” मग त्यांनी नळाखाली काचेचा पेला धरला, भरला, अर्धा स्वतः प्यायले आणि अर्धा तिच्यापुढे केला. तिला वाटलं ही थट्टा आहे. “सर, आकडे बरोबर आलेत ना?” “आलेत की.” “मग प्यायचं कशाला?” “यंत्रं लाख हुशार आहेत गं,” सर म्हणाले, “पण त्यांना तहान लागते का?” ती प्यायली. पाणी कोमट होतं आणि औषधाचा दर्प नाकात गेला. सर तिच्या गळ्याकडे बघत होते. “उतरलं?” त्यांनी विचारलं. “उतरलं,” ती म्हणाली. तेव्हा कुठे त्यांनी फोन उचलला आणि म्हणाले, “सोडा.” त्या एका शब्दाने टेकडीच्या पोटात काहीतरी गुरगुरलं, पायाखालची फरशी जराशी थरथरली, आणि खाली पसरलेल्या त्या एवढ्या मोठ्या शहरात, जिथे तिला कुणी कुत्रं ओळखत नव्हतं, तिने तोंडाला लावलेलं पाणी घराघरांत निघालं. बाईंना त्या दिवशी जे वाटलं त्याला आज कुणी भाबडेपणा म्हणेल. म्हणू दे. आपण या शहराच्या कुणीतरी आहोत, असं त्यांना वाटलं होतं.

पुढे मग तीच सवय झाली. सर विचारायचे, “उतरलं?” आणि ती म्हणायची, “उतरलं.” लग्न झालं तेव्हा नवऱ्याला भारी मजा वाटली. “आमची बायको रोज सकाळी पिऊन घरी येते,” असं तो पाहुण्यांना गंभीर चेहऱ्याने सांगायचा, आणि पाहुण्यांचे चेहरे बघून पोट धरधरून हसायचा. घरातल्या नळाला तो ‘तुझं माहेर’ म्हणायचा. पाणी गेलं की म्हणायचा, “तुझं माहेर रुसलं.” आलं की, “घ्या, आले माहेरचे.” शेवटच्या आजारात डॉक्टरांनी त्याला उकळून गार केलेलं पाणी द्यायला सांगितलं. भेटायला येणारा जो तो बाटल्यांचे खोके घेऊन यायचा, आणि बाई ते खोके न फोडता जिन्याखाली ठेवून द्यायच्या आणि नळाचं पाणी उकळत बसायच्या. एकदा तो उशीवरून म्हणाला, “अगं, फोड एखादा खोका. मी काही तुझ्या माहेरच्यांना सांगणार नाही.” तेव्हाही त्यांनी फोडला नाही. पाण्याने काही तो गेला नाही, ते डॉक्टरांनीच सांगितलं. पण त्याने मागितलं होतं आणि आपण दिलं नाही, हे आज बसमध्ये उभ्या उभ्या, पर्समधली बाटली कुशीला लागत असताना, बाईंना पहिल्यांदाच असं उघडंवाघडं दिसलं. त्याच्यासाठी जी बाटली फुटली नाही ती आज मीटिंगमध्ये फुटली. डोळे भरून आले, तशा त्या उगाचच खिडकीबाहेरच्या पाट्या वाचू लागल्या.

आणि सरांचं तरी काय झालं? नदीला मोठा पूर आलेल्या त्या वर्षाची गोष्ट. पाणी गढूळ येत होतं, तुरटीचं प्रमाण तासातासाला बदलावं लागत होतं, आणि सगळी माणसं जागरणाने चिडचिडी झालेली. त्या सकाळी तपासण्या नीट आल्या. बाईंनी स्वतः दोनदा करून पाहिल्या होत्या. सरांनी पेला तोंडाला लावला, घोट घेतला आणि तो तोंडातच धरून उभे राहिले. मग बेसिनपाशी गेले आणि थुंकले. “नाही उतरत,” ते म्हणाले, आणि फोन उचलून सांगितलं, “थांबा.” सकाळभर शहराला पाणी नाही. काय हाहाकार उडाला! फोनवर फोन, वरून माणसं आली, पाण्याचे नमुने दुसऱ्या शहरात पाठवले. काही निघालं नाही. ‘म्हाताऱ्याला सर्दी झाली आणि शहर तहानलं’ हा विनोद मग कितीतरी दिवस चालला. सरांची बदली भांडारात झाली. उरलेली नोकरी त्यांनी सुट्या नळांच्या आणि वॉशरांच्या कपाटांमध्ये बसून काढली. बाई तिथे डबा घेऊन जायच्या. एकदा त्यांनी धीर करून विचारलं होतं, “सर, तुम्हाला खरंच वास आला होता का हो?” सर हसले. “वास कुठला यायला? सर्दीच होती मला. पण उतरेना, बाई. आता जे मला उतरत नाही ते मी पोराबाळांना कसं पाजू, सांग?” त्या पाण्यात काही होतं की नव्हतं हे कुणालाच कधी कळलं नाही. इतकी वर्षं बाई मनाशी ठाम होत्या, की सर बरोबर होते. आज वाटलं, बरोबर नसतीलही. एक हट्टी म्हातारा, सर्दी झालेला, आणि त्याच्या नादी लागलेली एक भोळी पोरगी, जी आता स्वतःच म्हातारपणाला टेकली आहे. एवढंच असेल तर?

घरी स्वयंपाकघरात मुलाने आणि सुनेने गाळणीचं यंत्र बसवलं होतं; भिंतीवर निळा दिवा लावून ते आपलं मंद गुणगुणत असायचं. सुनेने बाईंना दुखवायला नको म्हणून बाल्कनीतला जुना नळ तसाच ठेवला होता. मुलगा त्याला ‘आईची शाखा’ म्हणायचा. पोरात बापाची थट्टा उतरली होती, पण बापाची माया तिच्यात जरा कमी पडायची. “कशी झाली मीटिंग?” सुनेने विचारलं. “झाली.” “म्हणजे?” “बंद केलं त्यांनी.” सून भाजी चिरता चिरता थांबली. तिला खरंच वाईट वाटलं असावं. “पण आई,” ती जपून म्हणाली, “तुम्हाला तरी किती दिवस एकटीने ते ओढायचं? सोडा आता. जग कुठे चाललंय.”  बाल्कनीत जाऊन बाईंनी शाखेच्या नळाखाली पेला धरला. तोच वास, लहानपणापासूनच्या ओळखीच्या माणसासारखा. पेला ओठांपर्यंत गेला आणि तिथेच थबकला. कुणासाठी हे चाललंय? स्वतःलाच दाखवायला ना, की बघा, मी अजून कशी आहे? त्यांनी ते पाणी कुंडीत ओतलं. मागे वळून पाहिलं तर मुलगा दारात उभा होता. त्याने पाहिलं होतं, पण तो थट्टा करायची विसरला.

सकाळी त्या टेकडी चढून गेल्या तेव्हा आदेश भिंतीवर लागलेलासुद्धा होता. सरकारी कामं कधी नव्हे ती झटपट होतात ती अशी. नळाच्या बरोबर वर, चारी कोपरे चिकटवून, ‘प्रयोगशाळेत खाण्यापिण्यास सक्त मनाई’. खाली पेला रोजच्या जागी, पालथा. नवी मुलगी यंत्राच्या पडद्यावरचे आकडे टिपून घेत होती. तिला येऊन वर्ष व्हायचं होतं. एका कानात सदा ती गाण्याची गोळी, बोलणं तुटक, आणि टेबलावर घरून आणलेली ती झाकणाची निळी बाटली. मनातल्या मनात बाईंनी तिचं नावच ‘निळी बाटली’ ठेवलं होतं. पाण्याच्या कारखान्यात नोकरी करायची आणि पाणी घरच्या यंत्राचं प्यायचं, हे त्यांना तिच्यातलं कधी क्षमा करता आलं नव्हतं. पाळी असेल तेव्हा पेला तोंडाला लावायची ती, पण बाईंना नेहमी वाटायचं, ही आपल्यासमोर पिते आणि आपण नसलो की बेसिनमध्ये ओतत असणार. आज त्यांनी पर्स टेबलावर ठेवली, चष्मा शोधताना कालची बाटली आडवी यायला लागली म्हणून ती बाहेर काढून बाजूला ठेवली, आणि चूक लक्षात येईपर्यंत मुलीची नजर तिच्यावर गेली होती.

“अरे वा,” मुलगी म्हणाली, “तुम्हीपण?”

बाईंच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. पण मुलीच्या आवाजात टोमणा नव्हता. तिने कानातली गोळी काढली आणि बाटली उचलून पाहिली. “मॅडम, ही नका वापरू पण. विकतच्या बाटल्या परत परत भरायच्या नसतात, तुम्हालाच माहीत आहे की. माझ्यासारखी एक चांगली घेऊन टाका. मी रोज जाताना इथूनच भरून नेते.”

“इथून?” बाई म्हणाल्या.

“या नळावरून. घरी मशिनचं असतं, मला नाही आवडत, पचपचीत लागतं. आईला कळलं तर ओरडेल, म्हणून काही सांगत नाही. मीच येता-जाता हे पिते, कधी कधी तिच्याही पेल्यात ओतते.” ती हसली. “परवा म्हणत होती, आपल्या मशिनचं पाणी आज काय छान लागतंय.”

बाईंना हसायला यायला हवं होतं. त्याऐवजी त्या खुर्चीवर बसल्या. वर्षभर त्या निळ्या बाटलीकडे बघून आपण काय काय मनात आणलं, आणि या पोरीने आपली बाटली बघून क्षणभरही दुसरं काही मनात आणलं नाही. गप्प बसता आलं असतं. पण काल गप्प बसूनच तर सगळं गेलं होतं. “नाही गं,” त्या म्हणाल्या, “हे विकतचंच आहे. काल मीटिंगमध्ये मी हे प्यायले. म्हणून तर बोलता आलं नाही मला. म्हणून तो कागद लागलाय.”

 मुलीला यातलं काय गंभीर आहे ते कळेना. “तहान लागली असेल,” ती म्हणाली, “त्यात काय एवढं?” आणि बाईंनी काही म्हणायच्या आत तिने ती बाटली बेसिनमध्ये रिकामी केली, रिकामी कचऱ्यात टाकली, आणि पेला उचलून नळाखाली धरला.

“अगं, अगं,” बाई उठल्या, “तो कागद वाचलास ना? मनाई आहे.”

“वाचला की. प्रयोगशाळेत मनाई आहे.” पेला काठोकाठ भरला होता, तो सांडू नये म्हणून मुलगी एकेक पाऊल टाकत दाराकडे निघाली. “पायरी कुठे प्रयोगशाळेत येते?”

बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. खाली शहर अजून पुरतं जागं व्हायचं होतं. गच्च्या, टाक्या, वाळत टाकलेले कपडे, आणि कुठल्या तरी खिडकीत नळ उघडून वाट बघत बसलेली माणसं, दिसत नसली तरी बाईंना ठाऊक असलेली. मुलीने पायरीवर उभ्याने अर्धा पेला संपवला. मग ओठ पुसून उरलेला बाईंच्या हातात दिला. काच ओली होती. पाण्याला तोच जरासा दर्प, तोच कोमट, प्रामाणिक बेचवपणा. बाईंनी पेला तोंडाला लावला. कालपासून घशात जे अडकून बसलं होतं त्याच्यावरून पाणी खाली गेलं, आणि त्या डोळे मिटून उभ्या राहिल्या.

“उतरलं?” मुलीने विचारलं.

बाईंनी डोळे उघडले. थोरले सर भांडारात गेल्यापासून हे त्यांना कुणी विचारलं नव्हतं. इतकी वर्षं त्या स्वतःच प्रश्न मनात विचारायच्या आणि उत्तर ओठांतल्या ओठांत द्यायच्या. “हे तुला कुणी सांगितलं?”

“कुणी कशाला सांगायला पाहिजे? रोज पाणी पिऊन झालं की तुम्ही ‘उतरलं’ म्हणता. मग कुणीतरी विचारत असेलच ना.” ती दारात थांबून राहिली होती, उत्तराची वाट बघत. आत फोनही वाट बघत होता. “मॅडम? सांगू ना त्यांना? उतरलं का?”

“उतरलं,” बाई म्हणाल्या. आवाज नीट फुटला नाही, म्हणून पुन्हा म्हणाल्या, “उतरलं गं. सांग.”

मुलगी आत गेली. उघड्या दारातून तिचा आवाज आला, “सोडा.” टेकडीच्या पोटात गुरगुर झाली, पायरी तळव्यांखाली जराशी थरथरली. बाई रिकामा पेला हातात धरून तिथेच बसल्या, आणि खाली पाणी कुठवर पोचलं असेल त्याचा अंदाज बांधू लागल्या.